पदकामागची पस्तीस वर्षे : प्रस्तावना

जानेवारी १९४५ च्या अखेरीस ब्रह्मदेशातल्या आराकान किनाऱ्यावर, कांगॉ गावाजवळची एक टेकडी २/२ पंजाब या पलटणीने जपान्यांकडून घेतली. लष्करी नकाशावर त्या टेकडीला 'मेलरोज' असे नाव दिलेले होते. पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे कोल्हापूरकडचे, वय अडतीस. या लढाईबद्दल त्यांना 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर' म्हणजे डीएसओ हा किताब मिळाला. त्याच ५१ व्या ब्रिगेडमधल्या आणखी दोन पलटणींचे प्रमुखही हिंदीच होते. ८/१९ हैदराबादचे के. एस. थिमय्या आणि १६/१० बलुचचे एल. पी. सेन. तिघांनाही कांगॉसाठी डीएसओ मिळाला. हिंदी अधिकारी चकमकीत शूर असतो, पण लढाईत अख्खी पलटण त्याच्या हाती द्यावी का, अशी शंका ब्रिटिश लष्करात उघड बोलली जात असे. तिला त्या दलदलीत, खाड्याखाड्यांच्या किनाऱ्यावर उत्तर मिळाले.

शौर्यपदकाबरोबर येणाऱ्या प्रशस्तिपत्रात तो दिवस असतो, ती टेकडी असते, तो हुकूम असतो. तिथवर पोहोचायला त्या माणसाला किती वर्षे लागली आणि पुढे त्याचे काय झाले, हे त्यात मावत नाही. थोरातांच्या बाबतीत तर मला ठामपणे वाटते की त्यांची देशाला सर्वात मोलाची सेवा ८ ऑक्टोबर १९५९ या तारखेच्या एका टिपणात आहे. त्या टिपणासाठी त्यांना पदक मिळाले नाही, आणि ते टिपण वेळेवर कोणी मानलेही नाही. पुढचे पुस्तक मुख्यतः या एका गोष्टीभोवती फिरते. पण तिथे जाण्याआधी, या विषयाशी ओळख नसलेल्या वाचकाला थोडा मागचा रस्ता दाखवायला हवा.

मराठी घरांत लष्कराची परंपरा जुनी आहे. अधिकारीपदाची मात्र तशी नाही. 'जंगी पलटण', 'काली पांचवी' ही नावे सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर भागांत आजही लोक अभिमानाने घेतात. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, कूतच्या वेढ्यात उपाशी राहिल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये शरणागतीनंतर कैदेतही गेल्या. दुसऱ्या महायुद्धात इटलीत नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. घाडग्यांचा मरणोत्तर होता. मात्र या सगळ्या काळात पलटण चालवणारा माणूस बहुधा गोराच असे. हिंदी माणूस जमादार, सुभेदार, फार तर सुभेदार मेजर होई. वीस वर्षे नोकरी झालेल्या सुभेदाराला कालच विलायतेहून आलेल्या पोरसवदा लेफ्टनंटला सलाम ठोकावा लागे. या व्यवस्थेत मराठी माणसाचे शौर्य दिसते, त्याचा निर्णय दिसत नाही. आपल्या लष्करी लेखनातही त्यामुळे दीर्घकाळ निर्णय घेणारा माणूस आलाच नाही.

पहिल्या महायुद्धाच्या शेवटी राजाचे कमिशन हिंदी तरुणांना खुले झाले आणि सँडहर्स्टमध्ये दर वर्षी दहा जागा ठेवल्या गेल्या. घरापासून हजारो मैल दूर, परक्या थंडीत, परक्या शिस्तीत जाणारी ही मुले विशी ओलांडायच्या आत निघत. कित्येक नापास होऊन परतत. थोरात १९२६ मध्ये तिथून उत्तीर्ण झाले आणि पुढे १/१४ पंजाब या पलटणीत दाखल झाले.

ही पलटण मुद्दाम पाहण्यासारखी आहे. १९२३ साली सरकारने आठ पलटणी व रिसाले निवडले आणि हिंदी अधिकाऱ्यांना हळूहळू त्यांतच गोळा करायचे ठरवले. उद्देश उघड होता, गोऱ्या अधिकाऱ्यांवर हिंदी वरिष्ठ येऊ नये. मराठ्यांची ५/५ पलटण या आठांत होती आणि १/१४ पंजाबही होती. तिच्या मेसमध्ये जेवलेल्या माणसांची नावे पाहा. थोरात, त्यांच्या मागून आलेले अयूब खान, जे पुढे पाकिस्तानचे सेनापती आणि मग राष्ट्राध्यक्ष झाले, मलायात जपान्यांच्या हाती लागल्यावर पहिली आझाद हिंद सेना उभी करणारे मोहन सिंग, आणि लाल किल्ल्यातल्या खटल्याने घराघरांत पोहोचलेले शाहनवाज खान व गुरबक्षसिंग ढिल्लन. एका पलटणीतून तीन फौजांचे म्होरके निघाले. हिंदी अधिकारी म्हणजे एका साच्याचा, एका निष्ठेचा माणूस, असे मानून चालणाऱ्यांनी या एकाच मेसची यादी वाचावी.

१९३२ मध्ये डेहराडूनला भारतीय लष्करी अकादमी सुरू झाली आणि देशातच कमिशन मिळू लागले, पण पगार व अधिकार सँडहर्स्टवाल्यांपेक्षा कमी. महायुद्ध सुरू झाले तेव्हा हिंदी कमिशनधारक जेमतेम चारशे-पाचशे होते. लष्कर पंचवीस लाखांपर्यंत फुगले तशी ही संख्या आठ हजारांच्या पुढे गेली. कारकुनी सोडून, कॉलेज सोडून, शेती भावावर टाकून आलेले हे लोक होते. स्वतंत्र भारताचे लष्कर ज्यांनी सांभाळले ते बहुतेक याच पाच-सहा वर्षांत तयार झाले. मराठी मुलुखात या काळात संस्थाही उभ्या राहत होत्या. डॉ. बा. शि. मुंजे यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल १९३७ मध्ये सुरू केले. पुढे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आली आणि १९६१ मध्ये साताऱ्याला देशातली पहिली सैनिक शाळा निघाली.

ही प्रस्तावना मी कामरेजहून लिहीत आहे, याचाही या विषयाशी संबंध आहे. तापीकाठचा हा तालुका १९४९ च्या विलीनीकरणापर्यंत गायकवाडांच्या बडोदे संस्थानात, नवसारी प्रांतात होता. संस्थानच्या पायदळाचे पुढे काय झाले, असे इथल्या मराठी मुलांना विचारले तर सहसा उत्तर येत नाही. ते पायदळ कोल्हापूरच्या फौजेप्रमाणेच मराठा लाइट इन्फंट्रीत सामील झाले. आज सुरत, उधना, लिंबायत आणि कामरेजच्या बाजूने वाढलेल्या वसाहतींत खानदेशातून आलेली हजारो घरे आहेत. वडील यंत्रमागावर किंवा हिऱ्याच्या कारखान्यात, आणि मुलगा पहाटे महामार्गाच्या कडेने भरतीसाठी धावतो आहे, असे चित्र इथे रोजचे आहे. त्या मुलाला मराठी लष्करी परंपरेतली किल्ल्यांची नावे पाठ असतात. विसाव्या शतकातल्या अधिकाऱ्यांपैकी एखाददुसरेच नाव त्याला येते. माझ्या मनात हे पुस्तक प्रथम त्याच्यासाठी आहे.

मराठीत युद्धाबद्दल लिहायच्या पद्धती कोणत्या, तेही थोडक्यात पाहू. सर्वात जुना वारसा बखरीचा आणि पोवाड्याचा. पानिपतावरची भाऊसाहेबांची बखर हे त्याचे ठळक उदाहरण. त्यात वेग आहे, माणसाचा स्वभाव एका प्रसंगात पकडायची ताकद आहे. दोष एवढाच की तिथे रसद, पाऊस, रस्ता, दारूगोळा या गोष्टी वीराच्या तेजापुढे झाकल्या जातात. आजची वृत्तपत्री वीरगाथा नकळत याच घराण्यातली आहे. दुसरी परंपरा रेजिमेंटच्या इतिहासांची. बहुतेक इंग्रजीत, पलटणीनेच काढलेले हे ग्रंथ तारखा आणि नकाशे यांत पक्के असतात. पण आपल्या पलटणीची चूक कबूल करताना त्यांची लेखणी अडखळते. मराठीत सैनिकी आठवणींची एक वेगळी, आपुलकीची वाटही आहे. पहिल्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून गेलेल्या कॅप्टन गो. गं. लिमये यांच्या 'सैन्यातील आठवणी' तिच्या आरंभी उभ्या आहेत. ही वाट पुढे रुंद व्हायला हवी होती. ती झाली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

आणि मग आले १९६२ चे चीनयुद्ध. त्या पराभवाने भारतीय लष्करी लेखनाचा बाजच बदलला. चौथ्या कोअरचे प्रमुख बी. एम. कौल यांनी १९६७ मध्ये आपली बाजू मांडली. नामका चू नदीच्या काठी ज्यांची ब्रिगेड उद्ध्वस्त झाली आणि जे स्वतः युद्धकैदी झाले, त्या जॉन दळवींनी १९६९ मध्ये 'हिमालयन ब्लंडर' लिहिले. निरंजन प्रसाद, डी. के. पलित यांनीही पुढे लिहिले. त्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल १९६३ मध्ये सरकारला सादर झाला आणि कपाटात गेला. कागद बंद राहिल्याने आत्मचरित्रेच साक्षीपुरावा बनली. थोरातांचे इंग्रजी आत्मकथन १९८६ साली आले. या सगळ्या लेखनाला काही अभ्यासक 'आत्मसमर्थनाचे साहित्य' म्हणून बाजूला ठेवतात. मला ते पटत नाही. प्रत्येकजण आपली बाजू सांगतो हे खरे, पण चार-पाच बाजू शेजारीशेजारी ठेवल्या की कोण कुठे गप्प बसला ते स्पष्ट दिसते. गेल्या तीस-चाळीस वर्षांत सामाजिक इतिहासकारांनी शिपायांची पत्रे, पगार, सुट्टी, गावाकडची कर्जे यांवर काम सुरू केले आहे. त्याने अधिकाऱ्याकडे पाहायची नजरही बदलते, कारण त्याच्या हुकुमाची किंमत कोणी मोजली हे कळू लागते.

आता थोरातांकडे परत येऊ.

कांगॉच्या त्या तिघांची पुढची वाट पाहिली की कारकीर्द हा शब्द किती अवघड आहे हे कळते. थिमय्यांनी १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये झोजिला खिंडीत रणगाडे चढवले आणि १९५७ मध्ये ते लष्करप्रमुख झाले. थोरात १९५३ मध्ये कोरियात गेले. तिथे युद्धविराम झाला होता. मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या साडेबावीस हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियाई कैद्यांची राखण भारताकडे आली होती. तटस्थ आयोगाचे अध्यक्ष थिमय्या, आणि कैदी सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे सेनापती थोरात. दक्षिण कोरियाच्या सरकारने भारतीय सैनिकांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू देण्यास नकार दिला. मग जहाजांवरून हेलिकॉप्टरने एकेक तुकडी निर्लष्करी पट्ट्यात उतरवावी लागली. कैद्यांच्या छावण्यांत आपसांत मारामाऱ्या, कट, खून चालू होते. एकदा मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला कैद्यांनी आत ओढून धरले. बाहेर सैनिक बंदुका रोखून तयार होते. गोळीबार झाला असता तर ग्रेवालही गेले असते आणि शेकडो कैदीही. थोरात निःशस्त्र आत गेले, संतापलेल्या जमावाशी बोलत राहिले आणि ग्रेवालांना घेऊन बाहेर आले. कोरियातल्या कामगिरीबद्दल त्यांना मिळालेले अशोकचक्र, वर्ग दोन, पुढे कीर्तिचक्र म्हणून ओळखले गेले. लढाई न लढता मिळालेले हे पदक मला कांगॉच्या पदकाइतकेच मोठे वाटते. हातात बळ असताना ते न वापरण्याचा निर्णय लढाईतल्या कोणत्याही निर्णयाइतकाच कठीण असतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत हा प्रसंग कधीच यायला हवा होता.

१९५७ मध्ये थोरात लखनौला पूर्व विभागाचे सेनापती झाले. २५ ऑगस्ट १९५९ रोजी लोंगजूच्या चौकीवर चिनी सैन्याने आसाम रायफल्सवर गोळीबार केला, आणि नेफाची, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाची, सीमा एकाएकी लष्कराच्या डोक्यावर आली. रस्ते नाहीत, खेचरे आणि हमालांवर रसद, उंची अशी की विश्रांतीशिवाय चढलेला जवान लढू शकत नाही. ८ ऑक्टोबरच्या टिपणात थोरातांनी हिशेब मांडला. मॅकमहोन सीमारेषेवरच्या चौक्या शत्रू आला एवढी खबर देण्यापुरत्या ठेवाव्या; मुख्य लढाई मागे, आपला रस्ता जवळ आणि शत्रूचा पुरवठा लांबलेला असेल अशा जागी द्यावी; आणि त्यासाठी आज हाताशी असलेल्यापेक्षा जास्त फौज लागेल. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' नावाच्या सरावात त्यांनी हेच वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे उलगडून दाखवले. थिमय्यांनी ते टिपण संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याकडे नेले. मेनन यांनी ते उगाच भीती दाखवणारे ठरवले, असे थोरातांनी लिहून ठेवले आहे.

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. त्यांनी उत्तराधिकारी म्हणून थोरातांचे नाव सुचवले होते. सरकारने पी. एन. थापर यांना निवडले. थोरात निवृत्त होऊन कोल्हापूरला गेले, आणि पूर्व विभागाची सूत्रे कांगॉच्या तिसऱ्या सोबत्याकडे, एल. पी. सेन यांच्याकडे आली. त्याच वर्षाच्या अखेरीस पुढे पुढे चौक्या टाकण्याचे धोरण आले, थोरातांच्या हिशेबाच्या नेमके उलट. २० ऑक्टोबर १९६२ ला चिनी हल्ला झाला तेव्हा आपली ब्रिगेड नामका चूच्या खोल घळीत, उन्हाळी कपड्यांत, मोजक्या काडतुसांवर उभी होती. युद्धानंतर पंतप्रधान नेहरूंनी थोरातांना बोलावून त्या जुन्या टिपणाविषयी विचारले. ते आपल्यापर्यंत का आले नाही, असा त्यांचा प्रश्न होता, हेही थोरातांच्याच लेखनात आहे.

थोरातांची योजना मानली असती तर काय झाले असते, याचे उत्तर देण्याचा मोह या पुस्तकाने टाळला आहे, आणि ते योग्य झाले. फौज, रस्ते, विमाने, सगळ्याचीच टंचाई होती आणि ती एका टिपणाने भरून निघाली नसती. पण सत्य सांगणाऱ्या अधिकाऱ्याचे म्हणणे वर पोहोचते का, हा प्रश्न त्या टिपणाने कायमचा विचारून ठेवला आहे. कोणत्याही लष्कराची परीक्षा शांततेच्या काळात तिथेच होते.

थोरातांच्या बरोबरीने इथे दोन वेगळ्या वाटांची माणसे येतात. कारवारजवळच्या चेंडिया गावचे राम राघोबा राणे १९४० मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये शिपाई म्हणून लागले, ब्रह्मदेशात लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. चारच महिन्यांनी, ८ ते ११ एप्रिल १९४८ दरम्यान, नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे सुरुंग आणि पाडलेली झाडे हटवत, जखमी अवस्थेत, गोळ्यांच्या वर्षावात त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. जिवंतपणी परमवीरचक्र मिळालेले ते पहिले. त्यांच्या धैर्याचे पोवाडे व्हावेत हे ठीकच, पण सुरुंग काढणे हे कसब आहे, आणि ते कसब सॅपर म्हणून आठ वर्षे हातांनी केलेल्या कामातून आले होते.

अरुणकुमार वैद्यांची वाट रणगाड्यांची. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरण भागात, असल उत्तर आणि चीमा इथे, त्यांच्या डेक्कन हॉर्सने जुन्या शर्मन रणगाड्यांनिशी पाकिस्तानच्या नव्या पॅटन रणगाड्यांना अडवले. १९७१ मध्ये १६ व्या स्वतंत्र चिलखती ब्रिगेडचे प्रमुख म्हणून त्यांनी शकरगढ भागात सुरुंगांच्या पट्ट्यांतून रणगाडे पार केले. दोन्ही युद्धांत महावीरचक्र. १९८३ मध्ये ते लष्करप्रमुख झाले. पुढच्याच वर्षी सुवर्णमंदिरातली कारवाई त्यांच्या कारकिर्दीत झाली, आणि निवृत्तीनंतर १० ऑगस्ट १९८६ ला पुण्यात भर रस्त्यात त्यांची हत्या झाली. शत्रूच्या रणगाड्यांपुढे उभे राहण्यापेक्षा आपल्याच देशात लष्कर वापरण्याचा हुकूम पाळणे किती वेगळे असते, हा विषय नाजूक आहे. पुस्तकाने तो टाळलेला नाही, याबद्दल मी आभारी आहे.

हे आज का वाचावे? जून २०२० मध्ये गलवानमध्ये चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत वीस भारतीय सैनिक गेले आणि १९६२ चे प्रश्न पुन्हा जिवंत झाले. जून २०२२ पासून अग्निपथ योजनेत जवानाची पहिली नेमणूक चार वर्षांची झाली. राणे यांच्यासारखी शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंतची लांब वाट त्यात कशी राहील, याची चर्चा भरतीच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांनी समजून करायला हवी. मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी उत्तीर्ण झाली, म्हणजे 'अधिकारी' म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारा माणूसही बदलतो आहे. आणि याच वेळी युद्धाविषयीचे आपले बोलणे मात्र अधिकाधिक घोषणांचे होत चालले आहे. वीराला डोक्यावर घ्यायचे आणि त्याने लिहिलेले टिपण वाचायचे नाही, ही सवय महागात पडलेली आहे.

हे पुस्तक चरित्रग्रंथ नाही आणि युद्धाचा इतिहासही नाही. तीन माणसांच्या सेवाकाळाला धरून, युद्धात निर्णय कसा तयार होतो हे दाखवण्याचा त्याचा प्रयत्न आहे. म्हणून इथे लढाईच्या दिवसाइतकीच जागा प्रशिक्षणाच्या वर्षांना, बदल्यांना, हुकलेल्या बढत्यांना आणि पत्रव्यवहाराला मिळाली आहे. एखाद्या प्रसंगाच्या दोन हकिगती जुळत नाहीत तिथे दोन्ही दिल्या आहेत. लष्करी शब्द मराठी सैनिक जसे बोलतात तसेच ठेवले आहेत. पलटण, सुभेदार, रसद, चौकी. नवख्याला ब्रिगेड आणि डिव्हिजन यांतला फरक माहीत नसेल तर त्याने आधी नकाशे पाहावेत. प्रकरणांचा क्रम पाळलाच पाहिजे असे नाही, मात्र कोरियाचे प्रकरण नेफाच्या आधी वाचावे.

एक विनंती वाचकांना. तुमच्या घरात आजोबांचे किंवा पणजोबांचे डिस्चार्ज बुक, आघाडीवरून आलेली पत्रे, पेन्शनचे कागद, पलटणीचा एखादा जुना फोटो असेल, तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. फोटोच्या मागे नावे आणि सन पेन्सिलीने लिहून ठेवा, घरातल्या थोरांना विचारून गावांची नावे पक्की करून घ्या, आणि एक नक्कल जवळच्या ग्रंथालयात द्या. सुरत-नवसारीकडच्या मराठी घरांचा लष्करी इतिहास अजून लिहायचा आहे, आणि त्याची साधने बहुतेक अशाच पेट्यांत पडून आहेत.